टेपनं रंग उचलला, तर आधी टेपखाली बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. १/७२ मापाचं स्पिटफायर मार्क ८ या लढाऊ विमानाचं मॉडेल जोडलंस, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या आपल्या हवाई दलाच्या ८ नंबर स्क्वॉड्रनच्या रंगात करायचं म्हणून. रविवारी सकाळी रंगवायला घेतलंस आणि रात्रीपर्यंत पांढरा, करडा, मातकट, हिरवा असे सगळे रंग मारून झाले. सोमवारी टेप काढली तर पंखाच्या मुळाशी पांढरा आणि करडा टेपबरोबर सोलून आला. हिरवा टेपखाली झिरपून कडा केसाळ झाली. कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाच्या, चौकटी वाकड्या आल्या. आता तू विचारतोयस, टेप बदलू की रंग फवारायचा एअरब्रश?

टेप बदलावी लागेल, पण ते सगळ्यात शेवटचं कारण आहे. एअरब्रशला हात लावू नकोस. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे फाउंड्रीच्या साच्यांसाठी नमुने घडवतात तिथं, माझी २६ वर्षं गेली आणि विमानांची मॉडेल्स करायला लागून जवळजवळ तेवढीच झाली. मास्किंग, म्हणजे टेपनं झाकून रंगवणं, बिघडलं म्हणून माझ्याकडे आलेल्या दहातल्या आठ मॉडेल्समध्ये खोट टेपखालच्या थरात असते. खालचा थर जिथं कच्चा आहे तिथंच टेप रंग उचलते. जिथं तो पक्का धरलाय तिथं साधी टेपसुद्धा काही बिघडवत नाही. म्हणून तुझ्या रविवारचा हिशेब पहिल्यापासून लावू.

तू स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी, धुतले नाहीस, तिथंच पहिली चूक झाली. फाउंड्रीत मातीच्या साच्यातून पॅटर्न अलगद सुटावा म्हणून आपण पार्टिंग पावडर मारतो. प्लॅस्टिकच्या किटचंही तसंच आहे. स्टीलच्या साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ अंश भागांवर राहतो. त्यावर जोडताना तुझ्या बोटांचं तेल बसतं, आणि ते सगळ्यात जास्त बसतं पंखाच्या मुळाशी, कारण मॉडेल आपण तिथंच धरतो. तुझा रंग नेमका तिथंच सुटला, यात नशिबाचा काही भाग नाही. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात टाक, जुन्या मऊ टूथब्रशनं सगळं घास, स्वच्छ पाण्यानं धू आणि पंख्याखाली वाळव. जोडून झाल्यावर, रंगाच्या आधी, हेच पुन्हा एकदा कर. त्यानंतर मॉडेल उघड्या हातानं धरायचं नाही. मी कॉकपिटच्या किंवा इंजिनाच्या भोकात लाकडी काडी घट्ट बसवतो आणि तिलाच धरून सगळं रंगवतो.

दुसरं, प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पकड देणारा हात, नाही. तू वापरतोस तो पाण्यावरचा अ‍ॅक्रिलिक. उघड्या प्लॅस्टिकवर तो नुसता पसरून बसतो, आत पकड घेत नाही. वाळल्यावर साल तयार होते आणि टेप ती साल ओढते. लॅकर जातीचा प्रायमर, म्हणजे मिस्टर सरफेसर किंवा तामिया कंपनीचा, प्लॅस्टिकला किंचित चावतो, म्हणून धरतो. एक पातळ हात पुरे, पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघा, बुजल्या नाहीत पाहिजेत. इथं एक धोक्याची गोष्ट सांगतो. गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर स्वस्त पडतो, म्हणून पुष्कळ मुलं तोच घेऊन येतात. तो किटच्या प्लॅस्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरिनला, फार कडक आहे. जाड हात पडला तर पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं उठतं आणि कडा विरघळतात. एअरब्रश धुवायला तो खुशाल वापर, मॉडेलवर नको.

तिसरी चूक घाईची, आणि तुझ्या बाबतीत मी सगळ्यात मोठी तीच धरतो. एका दिवसात चार रंग आणि तीन वेळा टेप, तेही जुलैमध्ये. हाताला कोरडा लागणारा रंग आणि टेप सोसणारा रंग यांत पुष्कळ अंतर असतं. तामियाचा अ‍ॅक्रिलिक दहा-पंधरा मिनिटांत कोरडा लागतो, पण त्यावर टेप लावायला मी उन्हाळ्यात पूर्ण एक दिवस थांबतो आणि पावसाळ्यात दोन. इनॅमल असेल तर चार-पाच दिवस. पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडायला लागतं त्या आठवड्यात आपल्याकडे दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मग रंगातलं पाणी तरी कुठं जाणार? नाकाजवळ धरून वास घे. थिनरचा वास येतोय तोवर थर कच्चा आहे.

पावसाळ्यात काम थांबवायचं नसेल तर पुठ्ठ्याचा खोका घे, वर-खाली चार भोकं पाड आणि आत पंधरा वॅटचा झिरोचा बल्ब पुठ्ठ्यापासून दूर टांग. रंग मारून तासभर उघड्यावर ठेव, वाफ निघून जाऊ दे, मग मॉडेल त्या खोक्यात ठेव. आत हात घातल्यावर कोमट लागावं, त्याहून गरम नको, नाहीतर पंख वाकतील. लॅकर मारत असशील तर आणखी एक त्रास होतो. थिनर झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. उद्यमनगरातले गाड्या रंगवणारे पेंटर याच कारणानं भर पावसात काम पुढं ढकलतात किंवा सावकाश उडणारा रिटार्डर घालतात. तूही लेव्हलिंग थिनर वापर, त्यात तसाच रिटार्डर असतो. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा ट्रॅप नसेल तर आधी तो बसवून घे.

आता टेपकडे येतो. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळसर क्रेप टेप तू थेट कडेला लावलीस. तिच्या अंगावरच सुरकुत्या असतात, त्यामुळे प्रत्येक सुरकुतीखाली रंगाला वाट मिळते. शिवाय तिचा गोंद दाराच्या चौकटीसाठी केलेला आहे, मॉडेलसाठी नाही. कडेला तामियाची पातळ जपानी कागदाची टेपच हवी. सहा आणि दहा मिलिमीटरच्या दोन रिळांत तुझी वर्षभराची मॉडेल्स होतील. क्रेप टेप फेकू नको, कडेपासून दूर मोठा भाग झाकायला ती चांगली.

चांगली टेपसुद्धा रिळावरून काढून तशीच चिकटवायची नाही. रिळाच्या बाजूला धूळ बसते, कड दबलेली असते. टेप काचेच्या तुकड्यावर चिकटव, स्टीलची पट्टी ठेव आणि नव्या ब्लेडनं अर्धा मिलिमीटर कड कापून टाक. ही ताजी कड म्हणजे तुझी रेषा. काचेवरून उचलताना गोंदाचा जोरही थोडा उतरतो. खाली धातूचा किंवा नाजूक रंग असेल तर टेप दोन वेळा तळहाताच्या मागच्या बाजूला लावून काढ, मग मॉडेलवर लाव.

रंग झिरपू नये यासाठी मी एक गोष्ट कधीही चुकवत नाही. टेप लावून झाली की कड टूथपिकच्या बोथट टोकानं दाबून घेतो. पॅनल लाइनवर टेप जाते तिथं टोक आत सरकवून दाबतो, कारण तीच झिरपण्याची मोरी आहे. मग नवा रंग लगेच मारत नाही. टेपखाली जो रंग आहे तोच पुन्हा एकदा कडेवर हलका फवारतो. कुठं फट असेलच तर ती त्याच रंगानं भरते. रंग रंगात मिसळतो आणि दिसत नाही. तो वाळला की वरून हिरवा. तू हिरवा थेट मारलास, आणि फोटोत दिसतंय त्यावरून टेपच्या दिशेनं मारलास. फवारा नेहमी टेपवरून उघड्या भागाकडे जायला हवा. उलट दिशेनं मारलं की हवा रंगाला टेपखाली ढकलते. रंग दुधाइतका पातळ, दाब पंधरा ते अठरा पीएसआय, अंतर पाच-सहा सेंटिमीटर. पहिला हात इतका हलका की खालचा रंग दिसत राहील. दोन हातांच्या मध्ये थांब. एकाच ओल्या हातात रंग झाकायला गेलास की झिरपतोही आणि टेपच्या कडेला बांधही उभा राहतो.

टेप काढताना ती वर ओढायची नाही. टोक उचल, टेपवरच परत दुमडून घे आणि पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, सावकाश मागे ने. रंग हाताला कोरडा झाला की काढ, रात्रभर ठेवू नको. माझं एक मिग-२१ असंच गेलं. उघड्या धातूचा चंदेरी रंग मस्त बसला होता. कॉकपिटच्या पुढचा चकाकी टाळायचा हिरवा पट्टा करायला टेप लावली, कामावर दोन पाळ्या सलग आल्या आणि टेप दोन दिवस तशीच राहिली, तीही मे महिन्यात. काढली तेव्हा नाकावरचा चंदेरी थर टेपच्या पाठीला आरशासारखा चिकटून आला. तेव्हापासून धातूच्या रंगाच्या विमानात मी क्रम उलटा करतो. हिरवा पट्टा आधी, तो झाकायचा आणि चंदेरी शेवटी, म्हणजे टेप चंदेरीला लागतच नाही.

बाकी विमानांत फिकट आधी आणि गडद नंतर हा क्रम बरोबर आहे, आणि तू तो पाळलास हे चांगलं केलंस. तुझ्या स्पिटफायरला त्याचं महत्त्व जास्त आहे. आग्नेय आशियातल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरच्या ओळखचक्रातून लाल रंग काढून टाकला होता, जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी घोटाळा नको म्हणून. गडद निळं वर्तुळ आणि आत फिकट निळं एवढंच ठेवलं. त्याच कारणानं पंखांवर आणि शेपटीवर पांढरे ओळखपट्टे आले. पांढरा रंग झाकायला सगळ्यात दुबळा. हिरव्यावर पांढरा मारशील तर पाच-सहा हात लागतील आणि पट्टा पाटीसारखा उंच दिसेल. म्हणून प्रायमरवर पट्ट्यांच्या जागी आधी पांढरा, तो पक्का झाला की पट्ट्याच्या रुंदीची टेप, मग खालून मीडियम सी ग्रे, वरून डार्क अर्थ आणि शेवटी डार्क ग्रीन. ती पांढऱ्यावरची टेप शेवटपर्यंत राहणार, त्यामुळे पांढऱ्याला सगळ्यात जास्त वेळ दे. मी तीन दिवस देतो.

कडा कडक ठेवायची की विरलेली, हे तू शेवटी सहज विचारलंयस. मला या सगळ्यात हाच प्रश्न मोलाचा वाटतो, कारण विमान खरं कसं रंगवलं गेलं ते कडेवरूनच कळतं. आधी माप बघ. खऱ्या विमानावर दोन रंग एक इंचात एकमेकांत विरत असतील, तर १/७२ मध्ये तो इंच ०.३५ मिलिमीटर होतो. दोन इंच धरले तरी ०.७. म्हणजे किटच्या खोक्यावरच्या चित्रासारखी तीन-चार मिलिमीटरची धुरकट कडा तू दिलीस, तर ती खऱ्या विमानावर आठ-अकरा इंचांची झाली. कारखान्यातून निघालेल्या स्पिटफायरला ती शोभत नाही. उलट नॉर्मंडीच्या चढाईआधी, जून १९४४ मध्ये, विमानांवर जे काळे-पांढरे पट्टे मारले ते पुष्कळ ठिकाणी घाईघाईत ब्रशनं मारलेले होते. तिथं थोडी वाकडीतिकडी कडाच खरी. एक इंजिनाच्या विमानावर त्या प्रत्येक पट्ट्याची रुंदी १८ इंच होती, म्हणजे १/७२ मध्ये ६.३५ मिलिमीटर, सहाच्या टेपच्या अगदी जवळ. पुढं कधी ते विमान केलंस तर उपयोगी पडेल.

तुझ्या मार्क ८ साठी मी किंचित विरलेली कडा घेईन, आणि ती कशी आणायची हे मी एअरब्रशच्या माहितीपुस्तिकेतून शिकलो नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी दीड महिना प्रत्येक दारात कॉम्प्रेसरचा आवाज असतो. तिथल्या एका वयस्क मूर्तिकारांसमोर मी एकदा तासभर बसलो होतो. पितांबराचा काठ रंगवताना त्यांच्या डाव्या हातात जुन्या एक्स-रे फिल्मचा वळणदार कापलेला तुकडा होता. काठाच्या बाहेरच्या बाजूला ती फिल्म मूर्तीला टेकवून धरली की रेघ सुरीनं कापल्यासारखी यायची. मग पोटाकडे सावली द्यायची वेळ आली. तीच फिल्म त्यांनी बोटभरही नाही, जेमतेम दोन तांदळांएवढी वर उचलली आणि फवारा सरळ वरून सोडला. कडा तिथंच राहिली, पण मऊ झाली. मी विचारलं, किती उचलायची? ते म्हणाले, "जेवढी मऊ पाहिजे तेवढी."

आपण हेच कागदानं करतो. किटमधलं रंगाचं चित्र झेरॉक्सवर मॉडेलच्या मापाला आण. साध्या टोकांच्या स्पिटफायरचा पंखविस्तार ३६ फूट १० इंच, म्हणजे १/७२ मध्ये साधारण १५६ मिलिमीटर. सुरुवातीच्या कित्येक मार्क ८ ना वाढवलेली अणकुचीदार टोकं होती, त्यांचा ४० फूट २ इंच, म्हणजे १७० मिलिमीटर. तुझ्या किटमध्ये कुठली टोकं आहेत ते बघून चित्रातला पंख मोज आणि टक्केवारी काढ. चित्रात ७८ मिलिमीटर असेल आणि टोकं साधी असतील तर दोनशे टक्के. हिरव्या भागांचे आकार कापून काढ, उरलेला कागद म्हणजे तुझा मास्क. त्याच्या खाली, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत, ब्लू टॅकच्या, म्हणजे भिंतीवर कागद चिकटवायच्या मऊ लगद्याच्या, बारीक वळ्या लाव, एक मिलिमीटरपेक्षा जाड नकोत. मुलांच्या खेळातली तेलकट माती लावू नको, तिचं तेल रंगावर उतरतं. आणि फवारा काटकोनात, सरळ वरून. तिरका मारलास की एका बाजूची कडा कडक आणि दुसऱ्या बाजूची धुरकट होते. पंख आणि धड मिळतात त्या वळणावर कागद नीट बसत नाही. तिथं टेपच्या दीड मिलिमीटरच्या चिंध्या काप, त्या वळणावर छान वाकतात. रुंद टेप वाकवायला गेलास तर तिला चुणी पडते आणि चुणीखाली पुन्हा झिरपतं.

कॅनॉपीला मात्र संयमच लागतो, दुसरा मार्ग नाही. टेपचा तुकडा काचेवर लाव आणि टूथपिकनं चौकटीच्या उंचवट्याला धरून दाबत जा. टेबल लॅम्प बाजूला, अगदी खाली ठेव. चौकटीची कड टेपखालून चमकती रेघ होऊन वर येते. त्या रेघेवरून अगदी नवं ब्लेड, फक्त स्वतःच्या वजनानं, ओढायचं. जोर लावलास की काचेवर कायमचा ओरखडा. एका कॅनॉपीला मी दोन ब्लेड खर्च करतो, त्यात काटकसर नाही. रेघ दिसतच नसेल, आणि १/७२ च्या पुष्कळ किटमध्ये ती पुसट असते, तर वर सांगितल्या तशाच चिंध्या एकेका कडेला लावून चौकट आखून घे आणि मधला भाग मास्किंग फ्लुइडनं, म्हणजे वाळल्यावर सोलून निघणाऱ्या द्रवानं, भर. आधी आतला करडा-हिरवा रंग मार, मग बाहेरचा, म्हणजे आतून बघताना चौकट कॉकपिटच्या रंगाची दिसते. कॅनॉपी चिकटवायला फेव्हिकॉल. इन्स्टंट ग्लूच्या वाफेनं काच पांढरी धरते आणि मग सगळी मेहनत वाया जाते.

रंगानंतर चकचकीत ग्लॉस वॉर्निशचा हात, मग डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चिन्हं, मग बिनचकाकीचं मॅट वॉर्निश. कॅनॉपीची टेप मॅटनंतर काढायची. आणि घरात लॅकर मारत असशील तर खिडकी उघडी ठेव आणि सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मास्क घाल. कापडी मास्कनं थिनरची वाफ अडत नाही.

आता तुझं हे विमान. ते टाकून देऊ नको आणि सोललेल्या जागेवर थेट रंगही भरू नको. तसं केलंस तर खड्ड्याची कडा प्रत्येक थरातून दिसत राहील. हजार नंबरचा वॉटर पेपर ओला करून सोललेल्या भागाची कड घास, मग दीड हजारनं. डोळे मिटून नख फिरव. नख अडखळायचं थांबलं की झालं. घासताना आजूबाजूचा रंग आणखी पापुद्र्यानं निघायला लागला तर समजायचं की सगळाच थर सुटा आहे. मग त्या पंखावरचा रंग पूर्ण उतरव आणि उघड्या प्लॅस्टिकवरून सुरुवात कर. हिरव्याची केसाळ कडा दोन हजारनं फक्त सपाट कर, ती पुसायच्या मागं लागू नको, वरून पुन्हा मास्क लावून कडा नवी येणारच आहे. टेपचा गोंद कुठं राहिला असेल तर थिनर लावू नको. ताज्या टेपचा तुकडा त्यावर दाब आणि झटक्यानं उचल, गोंद त्याला चिकटून येतो.

आज फक्त घासणं आणि धुणं. उद्या संध्याकाळी पाऊस उघडलेला असेल तर पंखाच्या मुळाशी प्रायमर, नाहीतर परवा. पांढऱ्याला तीन दिवस. टेप त्याच्याआधी हातात घ्यायची नाही. टेप लावायच्या आधी पंखाच्या खालच्या बाजूला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, टेपचा बोटभर तुकडा दाबून लाव, दहा मिनिटं ठेव आणि काढून त्याची पाठ उजेडात बघ. त्यावर रंगाचा एकही ठिपका नसेल तर पुढं जा.